पिवळं कडं

रविवार, दुपार

प्रिय मुंगे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून तू मनातल्या मनात मला शिव्या घातल्या असशील. घाल. जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, जिला सगळा मजला भोंगा म्हणून हाक मारतो, ती बाई तीन आठवडे गप्प बसते म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू ओळखलंच असणार. बिनसलं नाही गं. उलट इतकं मोठं काहीतरी झालंय की कुठून सांगायला घ्यावं तेच सुचेना. चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा फाडला. यात एक बातमी आहे, तुझ्या हक्काची. आणि तिच्या पाठोपाठ दुसरी एक गोष्ट आहे, ती वाचल्यावर तू पुन्हा माझं तोंड पाहशील की नाही, सांगता येत नाही. म्हणून बातमी आधी सांगते. तेवढी तरी शांतपणे वाच.

तळघरातली आपली मोजणीची खोली अजून होती तशीच आहे. काळे पडदे, शेजारी शेजारी दोन टेबलं आणि एकीनं दुसरीच्या कामात डोकावू नये म्हणून मधे उभा केलेला तो पुठ्ठा. पुठ्ठ्यावर तू पेन्सिलीनं काढलेलं माझं जांभई देतानाचं चित्र कुणी पुसलेलं नाही. संगणक तेवढे बदलले, काम तेच. मी नेमकं काय करते हे माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही. त्या शेजारणीला सांगतात की सून फोटो बघायला जाते. खोटं काय आहे त्यात? शनीच्या त्या पिटुकल्या पांढऱ्या चंद्राचे यानानं काढलेले फोटो समोर घ्यायचे, फोटोतला एकेक खळगा शोधायचा आणि त्याच्या बरोबर मधोमध फुली मारायची. एका फोटोत तीस-चाळीस खळगे, असे पाच वर्षांतले शेकडो फोटो, आणि प्रत्येक फोटो दोघींनी एकमेकींना न विचारता मोजायचा. तू खळग्यांना नावं ठेवली होतीस. फाटका खिसा, रुसलेली आत्या, सरांचं टक्कल. एकदा आपले विभागप्रमुख सर पाठीमागं येऊन उभे राहिलेत हे न बघता मी मोठ्यानं म्हणाले होते की आज टक्कल जरा सरकल्यासारखं वाटतंय, आणि तू पेन शोधायचं नाटक करत टेबलाखाली गेलीस ती सर जाईपर्यंत वर आलीच नाहीस.

तू चष्म्याच्या दुकानातून आली होतीस, भिंगं घासण्याच्या कामावरून. पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं की तुझी नजर आणि तुझा हात हे काही वेगळंच प्रकरण आहे. मी एका दिवसात बारा फोटो उडवायचे, तू पाच. मी म्हणायचे, अगं मुंगे, खळगा आहे तो, मुलगी पाहायला आल्यासारखी काय बघत बसतेस? तू चष्मा पुसायचीस, डोळे मिटून शंभर अंक मोजायचीस आणि पुन्हा बघायचीस. फुली मारलीस की मारलीस, नंतर ती हलवायची नाहीस. सर म्हणायचे, या बाईंची फुली म्हणजे दगडावरची रेघ. मला राग यायचा, खरं सांगते. हेवा नव्हता असं लिहायला घेतलं होतं, पण आज खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलेय.

मग ते पाचव्या वर्षीचं प्रकरण. ते पुन्हा काढलं म्हणून रागावू नकोस, त्याच्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. संगणकाला आपण सांगून ठेवलं होतं की हा चंद्र म्हणजे एकसंध घट्ट गोळा. त्या हिशेबानं कुठला खळगा फोटोत कुठं यायला हवा, हे तो आधीच काढून ठेवायचा. आपली फुली तिथून किती लांब पडली, ते फरकाच्या रकान्यात यायचं. माझा फरक कायम नगण्य. तुझा वाढत चाललेला. कधी पडद्यावरचा एक ठिपका पूर्वेला, कधी दीड ठिपका पश्चिमेला. तू पुन्हा मोजायचीस, पुन्हा तेच यायचं. तू रडकुंडीला आली होतीस. सरांना तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, स्वतः बसून मोजण्याची सोय नव्हती. त्यांनी तुला बोलावलं आणि दार लावून घेतलं. बाहेर आलीस तेव्हा तुझ्या हातात डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी होती. सर म्हणाले होते, तुमची चूक नाही बाई, आईला कंपवात आहे ना, तो तुमच्याही हातात उतरलेला दिसतोय, वेळेवर औषध घ्या. तुझ्या सगळ्या फुल्या एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि त्यावर नाव दिलं 'बाद – थरथर'. महिन्याच्या आत तू दादाकडं निघून गेलीस. ज्या हातानं भिंगं घासली, चंद्र मोजला, तो हात मांडीवर ठेवून तू अकरा वर्षं दवाखान्याच्या चौकशीच्या खिडकीत बसलीयस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला क्ष-किरण विभाग कुठं ते सांगतेयस. डॉक्टरांना हातात काही सापडलं नाही, हे तुझ्या दादानं मला फोनवर सांगितलं होतं. पण तुझा विश्वास डॉक्टरांवर नाही, त्या रकान्यावर आहे.

आता बातमी. सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडं नव्या गणितवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी सगळ्या जुन्या फायली उपसायला घेतल्या. तो फोल्डर त्यांना सापडला आणि त्यांनी विचारलं, हे काय? कुणीतरी सांगितलं, आमच्या एका मोजणीबाईंचा हात बिघडला होता, त्यांचं काम आहे. त्या म्हणाल्या, बरं, बघू तरी. दोन दिवसांनी भर दुपारी सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि आधी एक साधा प्रश्न टाकला. हात थरथरला तर फुली वरखालीही सरकेल ना? या बाईंची प्रत्येक फुली फक्त आडवी सरकलीय. पूर्वेला नाहीतर पश्चिमेला. वर किंवा खाली, एवढ्या हजारो फुल्यांत, कुठंही नाही. असा कसा हात थरथरतो? मुंगे, खोलीत आम्ही नऊ जण होतो. आमच्यापैकी एकालाही हा प्रश्न अकरा वर्षांत पडला नव्हता.

मग त्यांनी तारखा बाजूला ठेवल्या. प्रत्येक फोटोच्या वेळी हा चंद्र शनीभोवतीच्या आपल्या फेरीत नेमका कुठं होता, त्या क्रमानं तुझे फरक मांडले. त्याची एक फेरी तेहतीस तासांची. पाच वर्षांतले फोटो, कुठला हिवाळ्यात मोजलेला, कुठला उन्हाळ्यात, कुठला तुला ताप असताना, कुठला तू माझ्याशी भांडून बसली होतीस तेव्हा. सगळे ठिपके पडद्यावर येत गेले आणि त्यांची लाट झाली. एक गुळगुळीत, सुरेख लाट. अर्धी फेरी पूर्वेला, अर्धी फेरी पश्चिमेला, आणि पुन्हा तेच. थरथरणाऱ्या हाताला काय ठाऊक, एवढ्या लांबचा चंद्र आत्ता फेरीत कुठं आहे ते? बाई एवढंच म्हणाल्या, यांचा हात हलत नव्हता, चंद्र हलत होता.

थांब, पुढचं ऐक. असे चंद्र थोडे डुलतात हे सगळ्यांना माहीत होतं. पण एकसंध गोळा असता तर हा अगदी किंचित डुलला असता. तू मोजलेलं डुलणं त्याच्या चौपट आहे, विषुववृत्तावर जवळजवळ अर्धा किलोमीटर इकडं आणि अर्धा तिकडं. याचा अर्थ एकच. वरचं बर्फाचं कवच आतल्या खडकाला चिकटलेलंच नाही. घड्याळाचा पट्टा सैल झाला की मनगटावर घड्याळ मागंपुढं सरकतं ना, तसं ते सुटं आहे. आणि कवच आणि खडक यांच्या मधे काय असेल? पाणी, मुंगे. वाहतं, ओलं पाणी. दक्षिण टोकाच्या भेगांतून फवारे उडतात ते आपण पाहिले होतेच, पण सर म्हणायचे, तिथंच कुठंतरी डबकं असेल. डबकं नाही. वीस-पंचवीस किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या बाजूंनी समुद्र. समुद्रावर सबंध चंद्राचं कवच तरंगतंय, आणि त्याचं ते तरंगणं तू पहिल्यापासून लिहून ठेवत होतीस. परदेशातल्या एका गटानंही स्वतंत्रपणे फोटो मोजून हेच काढलंय, आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता. बाईंनी दोन्ही लाटा एकमेकींवर ठेवल्या. तंतोतंत जुळल्या.

मला तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. तू म्हणशील, भोंग्याचं डोकं फिरलं. फिरलंच आहे. अगं, तिथं ऊन पोचतं ते आपल्याकडच्या नव्वदाव्या हिश्शाचं, तेसुद्धा वरच्या बर्फावर. उजेड निघाल्यावर तिथून आपल्यापर्यंत यायला तासाहून जास्त वेळ लागतो. थंडी अशी की आपल्या थंडीला थंडी म्हणायची लाज वाटावी. आणि त्या सगळ्याच्या आत पाणी गोठलेलं नाही! शनी त्याला प्रत्येक फेरीत जरासं आवळतो आणि जरासं सैल सोडतो, त्या आवळण्या-सोडण्याची ऊब. तेवढ्यावर एक समुद्र जागा आहे, किती काळापासून ते कुणी सांगू शकत नाही. सूर्य म्हणजे काय हे त्या पाण्याला माहीत नाही. त्यात काही आहे का, नाही का, कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी स्वयंपाकघरात पेला भरायला नळ सोडला आणि पाण्याकडं बघत तशीच उभी राहिले. लेक म्हणाली, आई, पेला कधीच भरलाय, पाणी चाललंय वाहून. मी तिला पेल्यात बोट बुडवायला लावलं. म्हटलं, बघ, हे असंच आहे तिथं, ओलं. तिनं बापाला हाक मारली, बाबा, आईला बरं नाहीये.

सरांना बोलावून घेतलं होतं. आता निवृत्त आहेत, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन आले. लाट बघितली आणि खुर्चीत बसले. मग म्हणाले, मी त्या बाईंना औषधाची चिठ्ठी दिली होती. तेवढंच म्हणाले आणि सगळ्यांसमोर लहान पोरासारखे रडले. मी भिंतीला टेकून उभी होते. मला रडायचाही अधिकार नव्हता.

कारण गणितवाल्या बाईंचा पुढचा प्रश्न माझ्यासाठी होता. त्यांनी अगदी सभ्यपणे विचारला. हेच फोटो तुम्हीही मोजलेत. चंद्र खरंच हलत होता, तर तुमच्या फुल्यांत ही लाट का नाही? तुमचे ठिपके इतके सरळ रेषेत कसे? मी म्हटलं, बघून सांगते. मुंगे, बघायची गरज नव्हती.

तुला ते पिवळं कडं आठवतं? खळगा कुठं यायला हवा, ते दाखवायला संगणक पडद्यावर पिवळं कडं काढायचा. नियम असा की खळगा सापडेपर्यंतच ते बघायचं, मग बंद करायचं, आणि फुली आपल्या डोळ्यांनी मारायची. तू दर वेळी बंद करायचीस, त्या बटणाचा टक्‌ असा आवाज पुठ्ठ्यापलीकडून मला ऐकू यायचा. मी बंद करत नव्हते. लेक दोन वर्षांची होती, पाळणाघर चारला बंद व्हायचं, आणि कडं चालू ठेवलं की फोटो निम्म्या वेळात व्हायचा. मी म्हणायचे, बघतेय तर मी माझ्याच डोळ्यांनी, कडं आपलं सोबतीला. पण डोळा फार लबाड असतो गं. समोर कडं असलं की खळगा कड्यातच दिसायला लागतो. चार वर्षं मी चंद्र मोजलाच नाही, संगणकाला त्याचंच उत्तर सुवाच्य अक्षरात लिहून परत दिलं. म्हणून माझा फरक नगण्य, म्हणून मी हुशार. परवा मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. आधी बाईंना एकट्यांनाच सांगावं असा विचार केला होता, पण मग सगळ्यांनाच हाका मारून बोलावलं. शेवटी भोंगाच ना. माझ्या सगळ्या फुल्या बाद झाल्या. फोल्डरला नाव काय द्यायचं विचारलं तेव्हा मीच म्हटलं, कडं. मला काढलेलं नाही. फोटो वाटायचं आणि नोंदी ठेवायचं काम दिलंय, फुली मारायचं नाही. तेच बरोबर आहे.

आठवड्याभरात तुला ऑफिसचं पत्र येईल. शोधनिबंधावर तुझं नाव जाणार आहे, आणि दुसऱ्या एका बर्फाळ चंद्राची मोजणी सुरू व्हायचीय, त्यासाठी बाईंना तू हवी आहेस. त्या पत्रात लिहिलंय की तुमचं काम 'काही तांत्रिक गैरसमजामुळं' बाजूला ठेवलं गेलं होतं. ते वाक्य मी टाईप होताना पाहिलं आणि घरी येऊन हा कागद पाचव्यांदा घेतला. तांत्रिक नव्हतं ते. तू जाताना जिन्यात मला विचारलं होतंस, की सरांना माझ्या आईचं कुणी सांगितलं असेल? मी खांदे उडवले होते. मी सांगितलं होतं. तू ते या जगात एकट्या मला सांगितलं होतंस, मागच्या पायरीवर बसून, आईच्या हातातून पेला निसटला त्या दिवशी. आणि हेही, की कधीतरी आपलाही हात असाच होईल याची तुला भीती वाटते. दोघींचं जुळत नाही म्हणजे एक चुकतेय, आणि ती मी निघाले तर, ही भीती मला बसली होती. मी सरांकडं गेले आणि तुझी ती भीती काळजीच्या सुरात त्यांच्या हातात दिली. मला तेव्हा ते अर्धं खरंही वाटत होतं, पण अर्धंच. तुझा हात कधीच थरथरला नाही, मुंगे, त्या दिवशीही नाही आणि आजही नाही. ते भय तुझ्या हातात मी घातलं, आणि तू अकरा वर्षं ते दुखणं समजून सांभाळलंस. माफी मागत नाही, मागायला तोंड नाही. ये आणि मोज, माझ्याशी एक शब्दही न बोलता मोज, मी वरच्या मजल्यावर असेन. फक्त एक मागते. या अकरा वर्षांत तुझं प्रत्येक पत्र टाईप केलेलं आलं, खाली सहीसुद्धा कधी नाही. का, हे मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. या पत्राला उत्तर द्यायचं तर दे, नाहीतर देऊ नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर चांगल्या पानभर दे. पण हातानं लिही.

म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
भोंगा